पन्नास ग्रॅम कमी

मी झोपेत वजन करायचो. हे कुणी खरं मानणार नाही, आणि या वयात मी तरी कशाला आग्रह धरू.

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात मी तीस वर्षं तोलणार होतो. हमालांनी पोतं आणायचं, आडत्यानं भाव सांगायचा आणि मी काट्याशी उभं राहून वजन ओरडायचं. काटा बिघडला की दुकानदार दुसरा काटा आणत नसत, मला बोलवत. एकदा ज्वारीच्या पोत्याला नुसता खांदा लावून मी सांगितलं की यात दीडशे ग्रॅम जास्त आहे आणि ते जास्तीचं जिवंत आहे. पोतं ओतलं तर उंदरीण निघाली. मी म्हटलं, गाभण आहे, पिल्लं सहा. पिल्लं मोजायला कुणी थांबलं नाही, म्हणून तेवढं शाबीत व्हायचं राहिलं.

पण माझी मोठी गोष्ट झोपेची. दुपारी बाजार उतरला की मी पोत्यांच्या थप्पीवर उताणा पडायचो. उत्तरेश्वर नावाचा हमाल होता, आमच्याच परळीकडचा. मी घोरत असताना त्यानं माझ्या छातीवर पाच किलोचं माप ठेवलं. मी घोरतच. त्यावर दोन किलोचं ठेवलं, त्यावर पन्नास ग्रॅमचं. घोरतच. मग श्वास धरून त्यानं वरचं पन्नास ग्रॅमचं अलगद उचललं, आणि मी डोळे न उघडता म्हणालो, “पन्नास ग्रॅम कमी.”

तेव्हापासून अख्खा बाजार मला झोपता काटा म्हणायचा. ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली असेल आणि हजार वेळा लोक हसले. विश्वास ठेवला तो दोघांनी. एक माझी बायको गोदा. लग्न होऊन पुण्याला आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दुसरा आमचा मुलगा दत्तप्रसाद. दोघांनीही ठेवायला नको होता.

आता दत्तूला मुलगी झाली.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण सूनबाईंचं, स्वरालीचं, माहेर सदाशिव पेठेत, आणि त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली. तिच्या आई, वासंतीबाई, भाड्याच्या एका खोलीत अर्ध्या सामानासकट राहत होत्या. म्हणून बाळंतपण आमच्याकडे धायरीला, आणि माहेर आमच्याकडे मुक्कामाला, असं ठरलं. वासंतीबाईंनी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलेलं. घरात आल्या त्या दिवशी त्यांनी हॉलमधलं कॅलेंडर सरळ केलं आणि मला म्हणाल्या, “वैजनाथराव, तुमच्या गोष्टी ऐकल्यात मी. मला सांगताना आकडे कमी ठेवा.”

नात घरी आली ती तीन किलो एकशे ऐंशी. हॉस्पिटलच्या कागदावर तीन किलो दोनशे लिहिलं होतं. मी वाद घातला नाही.

पहिल्याच दिवशी प्रश्न निघाला की हिला निजवायचं कुठं. दोन खोल्या आणि हॉल असलेल्या घरात एवढ्याशा जिवाला जागा सापडू नये असं नाही, पण जितकी माणसं तितक्या जागा. वासंतीबाईंनी सामानातून शिसवी पाळणा काढून आणलेला. त्यात जुन्या लुगड्यांची चार मऊ दुपटी, आणि डोक्याखाली मोहरीची उशी.

“मोहरीच्या उशीनं डोकं गोल होतं,” त्या म्हणाल्या.

“स्वरालीला दिली होती?” मी विचारलं.

“दिली होती.”

मी सूनबाईंच्या डोक्याकडं पाहिलं आणि काही बोललो नाही. न बोलण्यातलं जे काही होतं ते वासंतीबाईंना बरोबर कळलं.

स्वरालीला लेकरू आपल्याजवळ हवं होतं, पलंगावर, दोघांच्या मध्ये. टाके ओले होते, दर दोन तासांनी उठून पाजायचं, तिला कुशीत बरं वाटत होतं. पण डॉक्टरबाईंनी एक कागद दिलेला आणि तो तिनंच फ्रिजला लावलेला. पाठीवर निजवा. गादी कडक हवी. उशी नको, सैल पांघरूण नको, मऊ खेळणी नकोत. बाळ तुमच्या खोलीत असू द्या, पण त्याची जागा वेगळी असू द्या. मी तो कागद उभ्यानं तीनदा वाचला. तसा कागद चाळीस वर्षांपूर्वी आम्हाला कुणी दिला असता तर, असं मनात आलं, आणि मी पाणी प्यायला गेलो.

“अहो आई, तुमच्याकडे कुठं निजवतात बाळाला?” स्वरालीनं गोदाला विचारलं. सासूला ती ‘अहो आई’ म्हणते, पेठेतली पद्धत. गोदाला त्याची सवय व्हायला वर्ष लागलं.

“आमच्याकडं काय,” गोदा म्हणाली, “जागा असंल तिथं.”

आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथं तेव्हा काही काम नव्हतं. डाळ शिजून झालेली, भांडी घासून झालेली. तरी बराच वेळ नळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी टिंबर मार्केटला जाऊन लहान खाट करून घेतली. चारी बाजूंनी कठडा, गज इतके जवळ की लेकराचं डोकं अडकू नये, आणि खाली चाकं, म्हणजे दिवसा हॉलमध्ये आणि निजायच्या वेळी त्यांच्या खोलीत, पलंगाला लागून. गादी मी स्वतः निवडली. पोत्यातला गहू दाबून बघावा तसा अंगठा दाबत गेलो, दुकानदार कंटाळला. जिच्यात अंगठा रुतला नाही ती घेतली. वरून एक चादर, चारी कोपरे घट्ट खोचलेले. बाकी काही नाही.

वासंतीबाईंनी खाटेकडं चष्म्यावरून पाहिलं. “उशी नाही, दुपटं नाही. वैजनाथराव, तुरुंगात सुद्धा उशी देतात हो.”

“तुम्हाला अनुभव?”

“नाही. मी शाळेत होते. फार वेगळं नसतं.”

दत्तू हसला, स्वराली टाक्यांवर हात धरून हसली. लेकराला खाटेत ठेवलं. अकरा मिनिटं राहिलं. मग असं रडलं की खालच्या मजल्यावरच्या शैलावहिनी विचारायला आल्या. स्वराली रडकुंडीला आली. वासंतीबाईंनी पाळण्यात घालून पाहिलं, तिथंही तेच. मग दत्तूनं लेकीला उचललं, हॉलमधल्या सोफ्यावर उताणा झाला आणि तिला छातीवर पालथं घेतलं. दोन मिनिटांत घर गप्प.

“मिळाली जागा,” दत्तू कुजबुजला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही.

“दत्तू, ऊठ,” मी म्हणालो.

“बाबा, हळू. आत्ता झोपलीय.”

“तू झोपशील.”

“झोपलो तर झोपलो. मला जाग येते.” त्यानं सासूबाईंकडं बघून डोळा मिचकावला. “बाबांवर गेलोय मी. पन्नास ग्रॅम कमी.”

सगळे हसले. मीही हसलो, सवयीनं. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला.

दत्तू हिंजवडीला कंपनीत आहे. लेकीसाठी दोन आठवड्यांची रजा मिळाली होती, पण ती नावाची. परदेशातल्या लोकांशी बोलणं चालूच. डोळे लाल, मान कुठंही कलंडायची. दुपारी जेवण झालं की तो लेकीला घेऊन सोफ्यावर पडायचा, आणि तेवढा वेळ स्वरालीला सलग झोप मिळायची. मी तिच्याकडं गेलो, कागद दाखवला.

“माहितीय मला, बाबा,” ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. “मीच लावलाय तो. पण मला दोन तास मिळतात हो. फक्त दोन तास. आणि तो जागा असतो ना?”

तो जागा नसायचा. टीव्हीवर मॅच चालू असायची आणि तो घोरत असायचा.

सरळ सांगण्याची मला सवय नाही. म्हणून मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. मी सांगितलं की या सोफ्याच्या पोटात पाल राहते आणि दुधाच्या वासानं बाहेर येते.

“रोज किती वाजता येते?” वासंतीबाई म्हणाल्या. “डबा भरून ठेवते.”

मग मी सांगितलं की बाजारात रंगराव म्हणून आडत्या होता, सोफ्यावर झोपला आणि उठला तेव्हा त्याचा डावा हात नऊ दिवस सापडला नाही. दत्तू इतका हसला की लेकरू त्याच्या छातीवर वरखाली झालं. मग मी सांगितलं की डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सोफ्याबद्दल खास बजावलंय.

“तुम्हाला? बाजूला घेऊन?” दत्तू म्हणाला. “बाबा, त्या बाई मला सुद्धा बोलायला दोन मिनिटं देत नाहीत.”

तीस वर्षं खरं वजन ओरडत होतो आणि बाकीचा वेळ थापा मारत होतो. लोकांच्या लक्षात थापाच राहिल्या, त्याला ते काय करणार.

मग मी दुपारची झोप सोडली. जेवण झालं की लाकडी खुर्ची ओढायची, सोफ्यासमोर बसायचं आणि लेकराच्या पाठीकडं बघत राहायचं. पाठ वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. मी बहात्तर वर्षांचा, पोटात भात, डोक्यावर पंखा. शेजारी माझी खाट रिकामी. रिकामी म्हणजे, तिच्यात आता डायपरची पाकिटं, भेट आलेली झबली आणि ती मोहरीची उशी ठेवत असत. एवढ्या जपून निवडलेल्या गादीवर डायपर छान झोपत होते.

दत्तूच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. रुपाली. एक्केचाळीस दिवस होती. ती तापानं गेली. असं गोदानं आधी शेजारणींना सांगितलं, मग माझ्या आईला, मग तिच्या स्वतःच्या भावाला, आणि दत्तू विचारण्याएवढा झाल्यावर त्याला. दरवेळी मी तिथंच असायचो आणि मान हलवायचो. आमच्या घरातली ही एकच थाप माझी नव्हती.

दहाव्या दिवशी माझा डोळा लागला.

किती वेळ, सांगता येणार नाही. टीव्हीवर जाहिरात लागली आणि मी दचकून उठलो. दत्तू तसाच, तोंड उघडं. छातीवर लेकरू नव्हतं. उठलो, गुडघा खुर्चीवर आपटला. ती दत्तूच्या बगलेत होती, सोफ्याची पाठ आणि त्याचा दंड यांच्यातल्या खाचेत, तोंड मऊ कापडात दाबलेलं. मी उपसली. हो, उपसली, पोत्यात हात घालून धान्य उपसावं तशी. तिनं तोंड वाकडं केलं, श्वास घेतला आणि रडली.

दत्तू जागा झाला. “काय झालं? भूक लागली?”

“घसरली होती,” मी म्हणालो.

“नाही हो बाबा. मला कळलं असतं.”

स्वयंपाकघराच्या दारात गोदा उभी होती. ओल्या हातांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हजार वेळा पाहिलं असेल, पण असं एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हाही तिच्या हातांतून पाणी ठिबकत होतं.

मी ठरवलं, उद्या खरं सांगायचं.

अकराव्या दिवशी हॉल बारशासाठी सजायला घेतला होता. वासंतीबाईंनी शिसवी पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या. नाव उद्या बाराव्या दिवशी ठेवायचं. दुपारी तीनच्या सुमाराला दत्तू सोफ्यावर उताणा झाला, लेक छातीवर. स्वराली समोर गादीवर पाय लांब करून बसलेली, वासंतीबाई उरलेली फुलं ओवत होत्या. गोदा स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. मी खुर्ची ओढून घेतली.

सकाळी दात घासताना मी ते वाक्य म्हणून पाहिलं होतं. एकच वाक्य होतं, चार शब्दांचं. आंघोळीत म्हणून पाहिलं. गच्चीत वाळत घातलेल्या लंगोटांसमोर म्हणून पाहिलं. जमत होतं.

“दत्तू, एक गोष्ट सांगतो.”

“आज काय, घोरपड?” वासंतीबाई सुईत दोरा घालत म्हणाल्या.

“नाही. रुपालीची.”

दत्तूनं एक डोळा उघडला. त्या नावाची गोष्ट त्यानं माझ्याकडून कधी ऐकली नव्हती.

“चौऱ्याऐंशी साल,” मी म्हणालो. “वैशाख. गुलटेकडीला आमची पत्र्याची खोली होती. गव्हाचा हंगाम होता, मी पहाटेपासून काट्याशी. तीनशे पोती तोलली.”

“मागच्या वेळी त्या हंगामात पाचशे होती,” दत्तू म्हणाला.

“आज तीनशेच. आज मी खरं सांगतोय.”

वासंतीबाईंनी सुई खाली ठेवली.

“दुपारी घरी आलो. रुपाली एक्केचाळीस दिवसांची. पोट दुखायचं तिचं, आठवडाभर रडत होती. तुझी आई आठवडाभर झोपली नव्हती. बाळंतीण, वीस वर्षांची, डोळे खोल गेलेले. धुण्याचा ढीग साचलेला. तेव्हा कालव्यावर जाऊन धुवायला लागायचं. लेकराला ठेवायचं कुठं, हा प्रश्न. झोळीत घातली की रडायची. खाली अंथरलं तर मुंग्या. मग तुझी आई मला म्हणाली, ‘तुमच्या छातीवर ठेवू का हिला? तुम्हाला झोपेत पण कळतंय ना?’”

मी थांबलो. स्वयंपाकघरात लाडू वळायचा आवाज नसतो, पण तो थांबलेला मला ऐकू आला.

“ती बाजारात कुणाला विचारायला गेली नव्हती,” मी म्हणालो. “तिनं माझं ऐकलं होतं, तेवढंच. मग मी काय म्हणालो असेन?”

दत्तूचे डोळे मिटलेले होते, ओठांवर हसू आलं. “पन्नास ग्रॅम कमी.”

“हेच म्हणालो. पन्नास ग्रॅम जरी हललं तरी कळेल, जा तू. तिनं ठेवली. तीन किलो आठशे चाळीस. ते वजन मला आत्ताही सांगता येतं, इथं.” मी छातीवर हात ठेवला. “कान डावीकडं, नाक मानेशी. जावळ ओलं होतं घामानं. आईनं वरून तिचंच जुनं लुगडं टाकलं, मऊ होतं म्हणून. बादली घेतली. दारात वळून एकदा पाहिलं. मी हात हलवला, जा म्हटलं.”

“मग?” स्वरालीनं विचारलं. ती ताठ बसली होती.

“मग मी झोपलो.”

“आणि?”

आणि आता ते चार शब्द होते. मी तोंड उघडलं. दत्तूनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. त्याची लेक त्याच्या गळ्याशी गाल लावून निजलेली, कानाची पाळी गव्हाच्या दाण्याएवढी. तो सहा वर्षांचा असताना चाळीच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्या पोरांना सांगायचा, माझे बाबा झोपेत पण जागे असतात. पोरं हसायची, हा मारामाऱ्या करायचा. एकदा ओठ फोडून घेऊन आला होता. तोच आत्ता माझ्याकडं बघत होता.

“आणि मला जाग आली,” मी म्हणालो.

शब्द सुटले आणि मग पुढचे आपोआप आले. मला काही करावं लागलं नाही.

“छातीवरचं वजन हललं. बरोबर पन्नास ग्रॅम. ती घसरत बगलेकडं चालली होती. मी डोळेसुद्धा न उघडता हात टाकला आणि झेलली. ओठ जरा निळसर झाले होते. मी पालथी धरली, पाठीवर दोन थापा दिल्या. काही नाही. तिसरी दिली. आणि रडली. अशी रडली की कालव्यावर तुझ्या आईच्या हातातलं धुणं वाहून गेलं. ताप नंतर आला. ते वेगळं. ते पंधरा दिवसांनी.”

एक्केचाळीस आणि पंधरा किती होतात हे कुणी मोजलं नाही.

“बाई गं,” वासंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. “वेळेवर जाग आली म्हणायची.”

माझ्या एकाही गोष्टीवर त्यांनी आजवर विश्वास ठेवला नव्हता. स्वरालीनं श्वास सोडला आणि पुन्हा उशीला टेकली. बाजारात, चाळीत, लग्नकार्यांत इतक्या थापा मारल्या, पण इतकी चांगली मला कधीच जमली नव्हती. सगळ्यांना पटली.

“म्हणजे आलीच ना जाग,” दत्तू म्हणाला. समाधानानं म्हणाला. त्यानं लेकीच्या पाठीवर पंजा ठेवला, मान सोफ्याच्या हाताला टेकवली आणि डोळे मिटले.

मी खुर्चीत बसून राहिलो. ऊठ म्हणायला माझ्याकडं आता काही उरलं नव्हतं.

गोदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातांना तूप लागलेलं होतं, ते तिनं पदराला पुसलं. ती खाटेशी गेली. आधी डायपरची पाकिटं काढून खाली फरशीवर ठेवली, मग झबली, मग मोहरीची उशी. उशी तिनं वासंतीबाईंच्या मांडीवर दिली. चादरीचा एक कोपरा सुटला होता तो खोचला, तळहातानं गादी सपाट केली. मग सोफ्याशी येऊन तिनं दत्तूचा पंजा उचलून बाजूला केला आणि लेकराला घेतलं.

“आई, ती रडेल,” दत्तू म्हणाला.

गोदानं लेकराला खाटेत पाठीवर निजवलं. ते कुरकुरलं, हातपाय झाडले. तिनं त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवली आणि काढली नाहीत. कुरकुर वाढली, मग कमी झाली, मग राहिली. पंख्यानं झेंडूच्या माळा हलत होत्या.

“बघ, झोपली,” वासंतीबाई हळूच म्हणाल्या.

गोदानं मान वर केली नाही. चाळीस वर्षांत चारचौघांत तिनं माझी एकही गोष्ट कधी मध्येच तोडली नव्हती.

“खोटं बोलायलेत हे,” ती म्हणाली. “यांना जाग आली नव्हती. मी कालव्यावरून येऊन उठवलं.”